दवण्याची चिनी बहीण

चैत्र आला की देवाला दवणा वाहावयाचा, ही चाल आपल्या समाजाने महाराष्ट्राबाहेर येताना बरोबर आणली आणि जपली. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, दवण्याची जुडी घरात येताच तिच्या उग्र-मधुर वासाने देवघर भरून जाते. याच दवण्याचा एक भाऊबंद जुन्या घरांतून आजीबाईच्या बटव्यात असे. मुलांच्या पोटातील जंतांवर दिला जाणारा किरमाणी ओवा तो हाच. वनस्पतिशास्त्रज्ञ या साऱ्या गोतावळ्याला ‘आर्टेमिसिया’ असे नाव देतात. या गोतावळ्यातील एका चिनी रानवनस्पतीने गेल्या अर्धशतकात हिवतापाच्या लक्षावधी रोग्यांचे प्राण वाचविले आहेत. आर्टेमिसिया ॲन्युआ हे तिचे शास्त्रीय नाव. चीनमध्ये तिला ‘छिंगहाओ’ म्हणतात.

जुन्या वैद्यकाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सारे काही पूर्वजांना ठाऊक होते. दुसरा म्हणतो, ते सारे थोतांड. छिंगहाओची हकीकत या दोन्ही पक्षांनी शांतपणे ऐकावी अशी आहे. घरात तापाचा रोगी असताना काय करावे आणि काय करू नये, याचाही बोध तिच्यात आहे.

रस्त्याकडेची वनस्पती

छिंगहाओ ही एका वर्षाचे आयुष्य असलेली वनस्पती. ओसाड माळ, पडीक शेते, नदीकाठ, रस्त्याच्या कडा, अशा ठिकाणी ती आपोआप उगवते आणि काही महिन्यांत माणसाच्या उंचीची होते. पाने नेच्याच्या पानांसारखी बारीक कातरलेली असतात. ती बोटांत चोळली की कापराची आठवण करून देणारा तीव्र वास येतो. शरद ऋतूत तिला मोहरीच्या दाण्याएवढ्या पिवळ्या फुलांचे घोस येतात आणि मग ती वाळून जाते. पानांवर आणि फुलांवर साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ग्रंथी असतात. वास देणारे तेल आणि औषधी द्रव्य या ग्रंथींतच साठलेले असते. फुलोरा येण्याच्या सुमारास त्या द्रव्याचे प्रमाण सर्वाधिक असते; पण तेव्हाही ते वाळलेल्या पानांच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच भरते, आणि पुष्कळ झाडांत त्याहूनही कितीतरी कमी असते.

या कुळाशी चिनी माणसाचे नाते आपल्याइतकेच घरगुती आहे. छिंगहाओची दुसरी एक बहीण, ‘आय’ नावाची, तेथे पाचव्या चांद्र महिन्याच्या पंचमीला वेखंडाच्या पात्यांबरोबर दारावर बांधतात. रोगराई उंबऱ्याबाहेर राहावी, हा त्यामागील भाव. तिच्याच वाळलेल्या पानांची लव काढून तिच्या कांड्या करतात आणि त्या पेटवून अंगावरील विशिष्ट बिंदूंना शेक देतात. बाळाला वेखंड उगाळून लावणाऱ्या आपल्या घरांना ही जोडी परकी वाटू नये.

जुन्या ग्रंथांतील छिंगहाओ

हूनान प्रांतातील छांगशा शहराजवळ मावांगत्वेई येथे १९७३ साली एक प्राचीन कबर उघडण्यात आली. ती इसवी सनापूर्वी १६८ या वर्षी बंद केलेली होती. तिच्यात रेशमी वस्त्रांवर लिहिलेले ग्रंथ सापडले. त्यांपैकी बावन्न रोगांवरील उपचारांच्या एका ग्रंथात छिंगहाओचा उल्लेख आहे. मात्र तेथे ती मूळव्याधीवर सांगितली आहे, तापावर नव्हे.

तापाशी तिचा संबंध जोडणारा महत्त्वाचा लेख चौथ्या शतकातला. को हुंग नावाचा एक विद्वान त्या काळी होऊन गेला. तो ताओ मताचा साधक आणि किमयागार होता. दक्षिण चीनच्या डोंगरात त्याने अखेरचे दिवस काढले. हाताशी ठेवण्याजोगे एक छोटे वैद्यकीय पुस्तक त्याने रचले. ग्रंथाच्या नावाचा आशय असा, की हे उपाय कोपरामागे, म्हणजे बाहीत ठेवून हिंडावे आणि प्रसंग पडताच उपयोगात आणावे. महागडी औषधे न परवडणाऱ्या माणसाला सहज मिळेल अशा जिनसांवर त्याचा भर होता. थंडी वाजून येणाऱ्या तापावर त्याने पुष्कळ उपाय दिले, त्यांत छिंगहाओचा एक आहे. मूठभर वनस्पती घ्यावी, दोन मापे पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो सगळा पिऊन टाकावा, एवढाच त्याचा सारांश. त्या काळचे हे माप आजच्या हिशेबाने पाव लिटरहूनही कमी भरते. या कृतीत चूल पेटविण्याचा उल्लेख नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढील शतकांत चिनी वैद्यांनी छिंगहाओचे गुणधर्म आपल्या पद्धतीने निश्चित केले. आपल्या वैद्यकात जसे रस आणि वीर्य, तसाच त्यांचाही विचार आहे. त्यांच्या मते ही वनस्पती चवीला कडू व तिखट, गुणाने शीत, आणि यकृत व पित्ताशय यांच्या मार्गांवर काम करणारी. उन्हाळी ताप, आळीपाळीने थंडी आणि उष्णता आणणारा ताप, दीर्घ आजारानंतर रात्री चढून पहाटे उतरणारा बारीक ताप, या तिन्हींवर ती देत. शेवटच्या प्रकाराला ते हाडे आतून वाफाळणारा ताप म्हणतात. आपल्या हाडीज्वराच्या कल्पनेशी त्याचे साम्य उघड आहे. १७९८ साली वू च्यू-थुंग या वैद्याने तापावर लिहिलेल्या ग्रंथात छिंगहाओ आणि मऊ पाठीच्या कासवाचे कवच यांचा प्रसिद्ध काढा आहे, तो याच क्षीण करणाऱ्या तापासाठी. चिनी वैद्य आजही तो देतात. काढ्यात वाळलेली छिंगहाओ साधारण ६ ते १२ ग्रॅम घालतात, आणि ती सर्वांत शेवटी टाकावी, फार उकळू नये, असा दंडक आहे.

नावाचा गोंधळ मात्र तेथेही होता. अकराव्या शतकातील शन ख्वो आणि सोळाव्या शतकातील थोर औषधिशास्त्रज्ञ ली शी-चन या दोघांनीही नोंदविले, की छिंगहाओच्या नावाखाली दोन सारख्या दिसणाऱ्या वनस्पती वावरतात. त्यांतील ज्या वनस्पतीला ग्रंथांत ‘पिवळ्या फुलांची’ म्हटले आहे, हिवतापावरील द्रव्य तिच्यातच आहे. दुसरीत ते नाही. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, तशातलाच हा प्रकार. जुन्या ग्रंथातील शब्द आणि आपल्या हातातील पाला एकच आहेत, असे गृहीत धरणे किती धोक्याचे असते, ते यावरून दिसेल.

हिवतापाशी झुंज

एक दिवसाआड येणारा तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक, असे विषमज्वराचे प्रकार आयुर्वेदाने पूर्वीच ओळखले होते. पण तापाचे कारण अज्ञात होते. ते कोडे सोडविण्यातील मोठा टप्पा आपल्या हैदराबादकर वाचकांच्या अगदी जवळ पार पडला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. बेगमपेठेतील ती इमारत आजही जतन केलेली आहे.

त्या काळी औषध एकच होते, सिंकोनाच्या सालीतून १८२० साली वेगळे केलेले क्विनीन. तेही मुळात दक्षिण अमेरिकेतील एका झाडाचीच देणगी. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरोक्वीन आले, डी.डी.टी. आली, आणि हिवताप आता संपला असे सर्वांना वाटू लागले. भारतात स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी रोगी होत, ते १९६५ साली सुमारे एक लाखावर आले. परंतु डासांनी डी.डी.टी. पचविली आणि जंतूंनी क्लोरोक्वीन. १९७६ साली आपल्याकडील रोग्यांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. हिवतापाच्या जंतूंच्या जातींपैकी फाल्सिपेरम ही सर्वांत घातक. ती मेंदूपर्यंत धडक मारते आणि रोगी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. क्लोरोक्वीनला दाद न देणारी जात नेमकी हीच होती.

व्हिएतनामच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांना गोळ्यांइतकेच या तापाने ग्रासले होते. उत्तर व्हिएतनामने चीनकडे साहाय्य मागितले. २३ मे १९६७ रोजी बीजिंगमध्ये एक बैठक झाली आणि महिना व तारीख जोडून योजनेला ‘५२३’ हे सांकेतिक नाव पडले. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या धामधुमीत प्रयोगशाळा ओस पडल्या होत्या आणि विद्वानांना खेड्यांत धाडले जात होते. तरी या गुप्त योजनेत पुढे साठेक संस्था आणि पाचशेहून अधिक संशोधक गुंतले.

जुन्या चिनी औषधांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. हिवतापावर शतकानुशतके वापरले जाणारे ‘छांगशान’ नावाचे मूळ खरोखरच गुणकारी ठरले, पण त्याने रोग्याला इतक्या ओकाऱ्या होत की औषध म्हणून ते टिकेना. जुने ते निरुपद्रवी, ही समजूत तेथेच खोटी पडली.

पोथीतील इशारा

जानेवारी १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील एका गटाचे नेतृत्व यूयू तू यांच्याकडे आले. त्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. औषधिशास्त्राची आधुनिक पदवी त्यांच्याजवळ होती आणि चिनी वैद्यकाचे अडीच वर्षांचे शिक्षणही झाले होते. पतीला सरकारने दूरच्या श्रमशिबिरात पाठविलेले होते. श्रीमती तू यांनी थोरल्या मुलीला निवासी बालकगृहात आणि धाकटीला माहेरी आईवडिलांजवळ ठेवले, आणि हिवतापाचा मुलूख असलेल्या हायनान बेटाची वाट धरली.

प्रथम त्यांनी जुने ग्रंथ चाळले आणि अनुभवी वैद्यांना प्रश्न विचारले. दोन हजारांहून अधिक कृती जमल्या. त्यांतील ६४० निवडून एक पुस्तिका तयार झाली. मग सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले गेले. छिंगहाओच्या एका अर्काने प्रारंभी जंतूंना ६८ टक्क्यांपर्यंत रोखले. सर्वांना आशा वाटली. पण पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो आकडा बारा ते चाळीस टक्क्यांवर घसरला. एकच वनस्पती कधी चालते आणि कधी चालत नाही, हे कसे?

श्रीमती तू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. को हुंगची ती छोटी कृती वाचताना त्यांचे लक्ष एका गोष्टीने वेधले. चिनी औषध म्हटले की काढा, आणि काढा म्हटला की उकळणे आलेच. पण येथे भिजविणे आणि पिळणे एवढेच सांगितले आहे. उष्णतेनेच गुण नष्ट होत असेल तर? त्यांनी पाणी आणि अल्कोहोल सोडून ईथर हे द्रावक घेतले, कारण ते ३५ अंश सेल्सियसच्या सुमारासच उकळते. पाने आणि देठ वेगळे करून केवळ पानांचा अर्क काढला आणि त्यातील आम्लयुक्त, विषारी भाग काढून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांतील सारे जंतू नाहीसे झाले; माकडांतही तेच घडले.

हे काम कोणत्या परिस्थितीत झाले तेही सांगितले पाहिजे. औषधांचे कारखाने बंद होते. तेव्हा घरगुती वापराच्या मोठ्या रांजणांत ईथर ओतून अर्क काढला जाई. हवा खेळण्याची सोय नव्हती. सहकाऱ्यांना चक्कर येई, नाकातून रक्त येई. श्रीमती तू यांना यकृताचा विकार जडला. प्राण्यांवरील चाचणीत विषारीपणाची शंका निघाली, तेव्हा रोग्यांना देण्यापूर्वी जुलै १९७२ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल होऊन ते औषध स्वतः घेतले. अपाय झाला नाही. त्यानंतर हायनानमध्ये २१ रोग्यांना ते दिले गेले. ताप उतरला आणि रक्तातील जंतू नाहीसे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यातील शुद्ध स्फटिक हाती आले. आज जग त्याला आर्टेमिसिनिन म्हणते. शांतुंग आणि युनानमधील गटांनीही १९७३ मध्ये ते स्वतंत्रपणे वेगळे केले. पुढील घडण कोणा एकाची नव्हे. रचना उलगडणारे, रोग्यांवर काळजीपूर्वक चाचण्या घेणारे, त्यापासून आर्टेमिथर आणि आर्टेसुनेट ही अधिक सोयीची औषधे बनविणारे हात अनेक आहेत.

२०१५ साली श्रीमती तू यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती आणि परदेशी शिक्षणही नव्हते. योगायोग असा की ‘यूयू’ हे नाव वडिलांनी चीनच्या प्राचीन काव्यसंग्रहातून घेतलेले आहे. त्या कवितेत यूयू हा हरणांच्या हाकेचा ध्वनी आहे, आणि त्याच कवितेतील हरणे रानातली ‘हाओ’ चरतात.

औषध कसे काम करते?

आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन प्राणवायू-अणूंचा एक नाजूक सांधा आहे. हिवतापाचा जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून तेथील रक्तद्रव्य खातो आणि त्यातील लोह मोकळे होते. त्या लोहाची गाठ पडताच हा सांधा तुटतो आणि निर्माण होणारे तीव्र कण जंतूच्याच अंगाची मोडतोड करतात. औषधाचा वेग विलक्षण आहे. आशियातील चार देशांत, भारतासह, झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गंभीर हिवतापाच्या १,४६१ रोग्यांपैकी क्विनीन दिलेले २२ टक्के दगावले, तर आर्टेसुनेटची सुई दिलेले १५ टक्के. शंभरांतून सात घरांतील माणूस परत आला, असा याचा सरळ अर्थ. लखनौच्या राष्ट्रीय संस्थांनीही या वनस्पतीची लागवड साधून तिच्यापासून आर्टीथर हे औषध भारतात विकसित केले. चीनमध्ये १९४० च्या दशकात वर्षाला सुमारे तीन कोटी लोकांना हिवताप होई. ३० जून २०२१ रोजी तो देश हिवतापमुक्त म्हणून घोषित झाला. त्या यशात मच्छरदाण्यांचा आणि दक्ष आरोग्यसेवकांचाही मोठा वाटा आहे.

मग घरी काढा का करू नये?

वाचकांच्या मनात हा प्रश्न येणारच. वनस्पती एवढी गुणी, तर तिची पाने आणून चहासारखी उकळून प्यायली तर काय बिघडले? त्याची उत्तरे तीन.

पहिले, हे द्रव्य पाण्यात फारसे उतरत नाही आणि उष्णतेने बिघडते. ओली वनस्पती भिजवून पिळली तर नुसत्या काढ्यापेक्षा पुष्कळ अधिक द्रव्य रसात येते, हे पुढील प्रयोगांत दिसले. म्हणजे को हुंगचे हात योग्य मार्गाने चालले होते. तरी कोणत्या झाडात, कोणत्या महिन्यात किती द्रव्य आहे हे पाहून कळत नाही. गोळीत ते मोजलेले असते, मुठीत नसते.

दुसरे, हे द्रव्य शरीरातून काही तासांतच निघून जाते. अपुऱ्या मात्रेने ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि लपलेले जंतू काही दिवसांनी पुन्हा उठतात. फाल्सिपेरमच्या बाबतीत हे गमावलेले दिवस जिवावर बेततात. म्हणूनच आर्टेमिसिनिनच्या वर्गातील औषध एकटे न देता, शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात.

तिसरे उत्तर साऱ्या समाजाच्या हिताचे आहे. अर्धवट मारा सोसून वाचलेले जंतू निबर होतात. २००८ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात हे औषध मंदावल्याचे दिसून आले. पुढे आफ्रिकेतील रुआंडा आणि युगांडा येथेही तशाच खुणा आढळल्या. क्लोरोक्वीन असेच हातचे गेले. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे सहा लाख माणसे मेली, त्यांत पाच वर्षांखालील आफ्रिकी बालकेच अधिक. हे औषधही बोथट झाले तर त्याच्या तोडीचे दुसरे आज हाताशी तयार नाही. या कारणांनी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले, की हिवताप टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी या वनस्पतीचा पाला, चहा वा चूर्ण कोणत्याही रूपात वापरू नये.

घरापुरते सांगावयाचे तर एवढेच. हुडहुडी भरून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हिवतापाच्या जातीप्रमाणे औषध बदलते. व्हायवॅक्सला क्लोरोक्वीन अजूनही चालते आणि यकृतात दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्वीन द्यावे लागते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नयेत. ठरलेला क्रम पुरा करावा. गच्चीवरील टाकी, कुंड्यांच्या खालच्या थाळ्या, कूलर यांतील पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करावे आणि निजताना मच्छरदाणी लावावी.

आपल्या वैद्यकग्रंथांतही अशा कितीतरी कृती पडून असतील. त्यांचा अभिमान बाळगणाऱ्याने त्या आधी नीट वाचाव्यात: कोणती वनस्पती, कोणत्या ऋतूतील, ओली की वाळलेली, थंड पाण्यात की उकळत्या. आणि वाचून झाल्यावर त्या तपासाव्यात. को हुंगची मूठभर वनस्पती सोळाशे वर्षे पोथीत होती. पोथीतील अक्षर आणि प्रयोगशाळेतील उंदीर यांची गाठ एका चिकाटीच्या बाईने घालून दिली, तेव्हा ती जगाच्या कामी आली.